जर्मनीत वर्षभर स्वयंसेवा करायची असेल तर

वृद्धाश्रम, दिव्यांग मुलांची शाळा, बालवाडी, रुग्णालय, क्वचित शेत किंवा संग्रहालय. जर्मनीत अशा ठिकाणी बारा महिने पूर्णवेळ काम करायचं, त्या बदल्यात हातखर्च, बहुतेक ठिकाणी राहण्याची सोय, आरोग्यविमा आणि एका समाजात आतून शिरण्याची संधी घ्यायची. या व्यवस्थेची दोन नावं आपल्याकडे कानावर येतात: एफएसजे आणि बीएफडी. पुण्या-मुंबईपासून नांदेड-कोल्हापूरपर्यंत बरीच मुलं-मुली आता याविषयी विचारतात. पण मिळणारी माहिती बहुतेक वेळा एजंटच्या जाहिरातीतून आलेली असते आणि नेमकं तिथेच घोटाळा होतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

एफएसजे म्हणजे फ्रायविलिगेस सोझिआलेस यार, स्वेच्छेने दिलेलं सामाजिक वर्ष. त्यासाठीचा पहिला कायदा 1964 चा. पर्यावरणाच्या कामासाठी असंच एफओजे हे वर्ष आहे. दोन्हींना वयाची अट आहे: 27 पूर्ण होण्याआधी जायला हवं. बीएफडी, म्हणजे बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट, 1 जुलै 2011 पासून सुरू झाली. जर्मनीने सक्तीची लष्करभरती थांबवली, तेव्हा लष्कराऐवजी समाजसेवा करणारी मुलंही एकदम बंद झाली. ती पोकळी भरायला सरकारने ही योजना आणली. बीएफडीला वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे तिशी-चाळिशीतल्या माणसालाही दार उघडं आहे. कालावधी साधारण 12 महिने, किमान 6, वाढवून 18 पर्यंत.

आता पैसे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. मिळतात ते ताशनगेल्ड, म्हणजे शब्दशः खिशातले पैसे. पगार नव्हे. कायद्याने त्याची कमाल मर्यादा ठरवली आहे: 2025 साठी महिना 644 युरो, 2026 साठी 676 युरो. ही कमाल आहे, हे दोनदा वाचा. प्रत्यक्षात बऱ्याच संस्था यापेक्षा कमी देतात. राहणं-जेवण काही जागी फुकट असतं, काही जागी त्याऐवजी थोडी रक्कम जोडून देतात. आजारपण, निवृत्तिवेतन, अपघात, बेरोजगारी या सगळ्या विम्यांचे हप्ते मात्र काम देणारी संस्थाच पूर्ण भरते, तुमच्या खिशातून काही जात नाही. ताशनगेल्डवर कर नाही. यातून घरी पैसे पाठवू असा हिशेब कोणी दाखवला, तर तो माणूस तुम्हाला फसवतो आहे किंवा त्यालाच काही माहीत नाही.

करार वाचताना एका प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या: खोली मिळणार का, आणि तिचं भाडं ताशनगेल्डमधून कापणार का? म्युनिकसारख्या शहरात खोली स्वतः शोधायची वेळ आली, तर हे वर्ष आर्थिकदृष्ट्या बसतच नाही. व्हिसा अधिकारीही हेच तपासतात. राहणं-खाणं धरून उदरनिर्वाह होत नसेल, तर उरलेल्या रकमेची सोय ब्लॉक्ड अकाउंटने (पैसे आधी भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) किंवा तिथल्या कोणाच्या हमीपत्राने दाखवावी लागते. आमचं स्पष्ट मत: पहिल्यांदा जाणाऱ्याने रेल्वेस्थानक असलेलं मध्यम किंवा छोटं गाव निवडावं, आणि खोली संस्थेने दिलेलीच घ्यावी.

गाव ठरलं की एक गोष्ट घरबसल्या तपासा. वृद्धाश्रमातली सकाळची पाळी साधारण सहा-साडेसहाला सुरू होते आणि महिन्यातून एक-दोन रविवार कामावर यावंच लागतं. जर्मन रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या खोलीचा पत्ता आणि कामाचा पत्ता टाका, तारीख रविवारची निवडा आणि पहाटे साडेपाचची वेळ द्या. खेडेगावात रविवारची पहिली बस आठनंतर सुटते असं दिसलं, तर मुलाखतीतच विचारा: सायकल मिळेल का, रस्त्यावर दिवे आहेत का, हिवाळ्यात आधीचे स्वयंसेवक कसे येत होते? हा प्रश्न विचारणारा उमेदवार संस्थेला आवडतो, कारण तो खरंच यायचा विचार करतोय हे त्यातून कळतं.

भाषेबद्दल. भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन अशा चढत जातात. कागदावर काही संस्था ए-टू पातळीवर घेतात, बहुतेक बी-वन मागतात. आमच्या मते वृद्धाश्रमासाठी बी-वन ही किमान पातळी समजावी. कारण सरळ आहे. ऐंशी-नव्वदीतली आजी तुमच्यासाठी सावकाश, पुस्तकी जर्मन बोलणार नाही. ती श्वाबियन किंवा बायरिश बोलीत, दात काढून ठेवलेले असताना बोलेल. तिला पाणी हवंय की दुखतंय हे समजलं नाही, तर त्रास तिला होतो.

बी-वनसाठी शून्यापासून शिकायला नियमित वर्गासह नऊ महिने ते वर्ष धरा. पुण्यात आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवन, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूट आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभागही वर्षानुवर्षं जर्मन शिकवतो आहे. शिका कुठेही, पण परीक्षा गोएथे, टेल्क किंवा ओएसडी या मान्यताप्राप्त संस्थांचीच द्या. क्लासने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं ‘बी-वन पूर्ण’ असं प्रमाणपत्र व्हिसासाठी चालत नाही. गोएथेच्या बी-वनमध्ये वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग आहेत, प्रत्येकी 100 गुण, प्रत्येकात 60 हवेत. एखादा भाग राहिला, तर फक्त तोच पुन्हा देता येतो. मराठी मुलांचा ‘ऐकणं’ हा भाग हमखास राहतो, कारण क्लासमध्ये व्याकरण घोटून घेतात आणि कान तयार होत नाही. रोज अर्धा तास जर्मन आकाशवाणीच्या बातम्या ऐका, आधी मजकुराशिवाय, मग मजकुरासह.

वेळेचं गणित उलटं मांडा. बहुतेक वर्षं 1 ऑगस्ट किंवा 1 सप्टेंबरला सुरू होतात. सप्टेंबरला तिथे असायचं, तर व्हिसाचा अर्ज एप्रिल-मेपर्यंत जायला हवा. त्याआधी सही झालेला करार हातात हवा, म्हणजे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुलाखती त्याआधीच्या ऑक्टोबर ते जानेवारीत. त्या मुलाखती द्यायच्या, तर भाषा तोवर बोलण्याइतपत झालेली हवी. थोडक्यात, आज ए-वनचा वर्ग लावणारा माणूस साधारण दीड वर्षाने विमानात बसतो. ‘तीन महिन्यांत जर्मनी’ अशा पाट्यांकडे पाहू नका.

अर्ज थेट ट्रेगरकडे करायचा. ट्रेगर म्हणजे योजना चालवणारी मुख्य संस्था: जर्मन रेडक्रॉस, कारितास, डियाकोनी, आवो, इंटरनॅशनल बुंड, माल्टेझर, योहानिटर अशा. त्यांच्या संकेतस्थळावर परदेशी उमेदवारांसाठी वेगळं पान असतं. सगळ्याच शाखा भारतातून थेट घेत नाहीत, म्हणून दहा-पंधरा ठिकाणी लिहावं लागतं आणि निम्म्या ठिकाणांहून उत्तर येत नाही. त्याने खचू नका. जोडीला वेल्टव्हेर्ट्स या जर्मन सरकारी कार्यक्रमाचा दक्षिण-उत्तर विभाग आहे. त्यात भारतातली भागीदार संस्था तुमची निवड करून पाठवते. तिथे जागा थोड्या असतात, पण पाठबळ चांगलं असतं.

आणि एजंट. लाखाच्या घरातली रक्कम मागून ‘एफएसजेची जागा देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. स्वयंसेवेची जागा विकत घ्यायची गोष्ट नाही. एखादी संस्था तयारीच्या वर्गाचा किंवा कागदपत्रांचा खर्च मागत असेल, तर प्रत्येक रकमेची पावती मागा आणि संस्थेचं नाव जर्मनीतल्या ट्रेगरला ईमेल करून पडताळा. करारावर सही करण्याआधी काम देणाऱ्या संस्थेशी स्वतः व्हिडिओवर बोला. एजंट तुम्हाला थेट बोलू देत नसेल, तर तिथेच थांबा. कर्ज काढून पैसे भरलेली मुलं तिथे पोचल्यावर कामापेक्षा हप्त्याचाच विचार करत राहतात आणि परवानगीत बसत नसलेली जास्तीची कामं शोधू लागतात. त्यात वर्ष जातं, कधी व्हिसाही जातो.

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच्याशी याची गल्लत करू नका. तो नोकरीसाठी आहे, त्याच्या अटी आणि व्हिसा वेगळे.

मुलाखतीत गोल गोल प्रश्न येत नाहीत. ‘एका म्हाताऱ्या गृहस्थांचं डायपर बदलायला मदत कराल का?’ असं सरळ विचारतात. उत्तर प्रामाणिक द्या. जमणार नसेल तर बालवाडी, शाळा किंवा स्वयंपाकघराची जागा मागा, त्यात काही कमीपणा नाही. प्रेरणापत्रात ‘मला लहानपणापासून सेवेची आवड’ हे वाक्य शेकडो अर्जांत असतं. त्याऐवजी घरी आजोबांना अर्धांगवायूनंतर कोण भरवत होतं, गणेश मंडळाच्या रक्तदान शिबिरात तुम्ही नेमकं काय केलं, असं लिहा. बायोडेटात रिकामी वर्षं ठेवू नका. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाची दोन वर्षं असतील, तर तसं लिहा.

व्हिसा राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा, शुल्क 75 युरो. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतात. करार, भाषेचं प्रमाणपत्र, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, बायोडेटा, प्रेरणापत्र, राहण्याचा पुरावा आणि पोचल्यापासून काम सुरू होईपर्यंतचा प्रवासी आरोग्यविमा हे मुख्य कागद. कोणत्याही दोन कागदांत नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, वडिलांचं नाव कुठे मधे, कुठे शेवटी असेल, तर ते आधी सरळ करून घ्या. मराठी नावांत हा घोळ फार होतो आणि तो पुढे बँकेपर्यंत पाठ सोडत नाही.

पुढे काय करणार, हे व्हिसा अधिकारी विचारतातच. या वर्षानंतर तिथेच नर्सिंगचं आउसबिल्डुंग, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण, करायची इच्छा असेल, तर लपवू नका. हे वर्ष मुळात दिशा ठरवण्यासाठीच आहे. फक्त योजना खरी असू द्या: कोणतं प्रशिक्षण, किती वर्षांचं, भाषेची पुढची पातळी कधी गाठणार. परिचारकाचं प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं, त्यात दरमहा भत्ता मिळतो, आणि स्वयंसेवेच्या वर्षात तुम्हाला पाहिलेली संस्था बहुधा स्वतःच जागा देऊ करते.

निघण्याआधीची दोन कामं हमखास राहून जातात. एक, पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस पडताळणीचा दाखला. मुलं, वृद्ध आणि दिव्यांगांसोबत काम करणाऱ्याकडून तो मागतात. दुसरं, गोवर. जर्मनीत 1 मार्च 2020 पासून बालवाडी, शाळा, रुग्णालय अशा जागी 1970 नंतर जन्मलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला गोवर लसीच्या दोन मात्रांचा किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा द्यावाच लागतो. आपल्याकडे लहानपणीचं लसीकरण कार्ड सापडत नाही, सापडलं तर त्यावर एकच शिक्का असतो. निघण्याच्या तीन महिने आधी डॉक्टरांकडे जा. एमएमआरच्या दोन मात्रा किमान चार आठवड्यांच्या अंतराने घ्या किंवा रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती आहे असा अहवाल इंग्रजीत घ्या. हा कागद नसेल, तर पहिल्या दिवशी दारातूनच परत पाठवतात.

सामानात जाड जॅकेट कोंबू नका. इथले महागडे जॅकेट तिथल्या ओल्या थंडीत पुरं पडत नाही, आणि तिथे सोझिआलकाउफहाउस नावाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत चांगलं जॅकेट थोडक्यात मिळतं. त्या जागी गोडा मसाला, हिंग आणि छोटा कुकर न्या. आणि एक सूचना अगदी मनापासून: वृद्धाश्रमाला जोडलेल्या कर्मचारी-निवासात फोडणी करताना आधी विचारा. छतावरचं धुराचं यंत्र अनेक ठिकाणी थेट अग्निशमन दलाशी जोडलेलं असतं. मोहरी तडतडेपर्यंत तापवलेलं तेल त्याला पुरतं. खोटा इशारा गेला की गाडी येते, मध्यरात्री साठ-सत्तर वृद्ध घाबरतात आणि बिलही येतं. खिडकी उघडा, दार बंद ठेवा, तेल मंद आचेवर तापवा, भांड्यावर झाकण ठेवा.

पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद करायची. घरमालकाच्या सहीचा फॉर्म त्यासाठी लागतो. या एका कागदावर करक्रमांक, बँक खातं, परकीय नागरिक कार्यालयातला निवासपरवाना हे सगळं अवलंबून असतं. काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, महिना 18.36 युरो, घरामागे एकदाच. टीव्ही नाही म्हणून फेकून देऊ नका, थकबाकी वाढते. एकत्र घरात कोणी आधीच भरत असेल, तर त्याचा क्रमांक कळवायचा. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास, 2026 पासून 63 युरो झालं आहे. काही संस्था त्यातला वाटा उचलतात, विचारून घ्या. आणीबाणीला 112, रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तर 116117.

आता प्रत्यक्ष काम, कारण समाधान मिळायचं ते इथेच. एक प्रसंग घ्या: स्मृतिभ्रंश असलेल्या आजींना दुपारी भरवणं. हे तुम्हाला आधी दाखवलेलं असायला हवं आणि ज्यांना भरवायला परिचारिकेने सांगितलंय त्यांनाच भरवायचं. आजी शक्य तेवढ्या ताठ बसलेल्या हव्यात, पाठीला उशी, पाय टेकलेले. तुम्ही उभं राहायचं नाही, समोर खुर्ची घेऊन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहिलात की त्या मान वर करतात, आणि मान वर असताना घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. चमचा खालून वर आणायचा, अर्धाच भरलेला. गिळलं का, हे गळ्याकडे बघून खात्री करायची, मग पुढचा. ज्यांना गिळायला त्रास आहे, त्यांच्या पाण्यात आणि चहात घट्ट करणारी पूड घालतात. किती मोजमाप ते डब्यावर आणि त्या व्यक्तीच्या नोंदीत लिहिलेलं असतं. घालून ढवळायचं आणि काही मिनिटं थांबायचं. घाईत लगेच दिलं, तर ते अजून पातळच असतं आणि फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जेवण झाल्यावर निदान वीस-तीस मिनिटं त्यांना आडवं करायचं नाही. औषधाची गोळी मात्र कितीही आग्रह झाला तरी तुम्ही द्यायची नाही, ते स्वयंसेवकाचं काम नव्हे.

घासामागे एक मिनिट, असे चाळीस घास. परिचारिकेला एवढा वेळ कधीच नसतो. तुम्हाला आहे. या व्यवस्थेचं मोल ते हेच, आणि कायदाही हेच म्हणतो: स्वयंसेवकाने जादा हात म्हणून काम करायचं, पगारी माणसाची जागा भरायची नाही. म्हणून पाळीच्या तक्त्यात तुम्हाला पूर्ण कर्मचारी धरलं जात असेल, एकट्याने मजला सांभाळायला लावत असतील, तर गप्प बसू नका. प्रत्येक स्वयंसेवकाला कामाच्या जागी एक मार्गदर्शक असतो आणि ट्रेगरकडे वेगळी समन्वयक असते. तारीख, वेळ, काय झालं, हे वहीत लिहून तिला पाठवा. जागा बदलता येते, पण निवासपरवाना बहुधा त्याच जागेशी बांधलेला असतो. राजीनामा देण्याआधी समन्वयकाला आणि परकीय नागरिक कार्यालयाला विचारा. क्रम उलटा झाला, तर परवाना धोक्यात येतो.

27 वर्षांखालच्यांना वर्षात 25 दिवस सेमिनार असतात, त्याहून मोठ्यांना कमी. तेही कामाचेच दिवस, रजेत धरत नाहीत. पहिल्या सेमिनारमध्ये भाषा निम्मी कळते म्हणून मुलं मागे बसतात. पुढे बसा. नोव्हेंबरमध्ये चार-साडेचारला अंधार पडतो, पाळी संपवून घरी यायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं, हा या वर्षातला सर्वात अवघड काळ आहे. तेव्हा हाक मारायला कोण, हे सेमिनारमध्ये ठरतं. गावातलं गायनमंडळ, फुटबॉलचा क्लब, चर्चचं सूपकिचन, यांपैकी काहीही एक धरा, तेही ऑक्टोबरच्या आत. फक्त मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर राहिलात, तर भाषा बी-वनवरच थांबते.

शेवटच्या दोन महिन्यांत त्सोइग्निस, म्हणजे सविस्तर प्रशस्तिपत्र मागून ठेवा. त्याची भाषा सांकेतिक असते. ‘आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं’ असं लिहिलं, तर जर्मन वाचक ते ‘जेमतेम’ असं वाचतो. ‘नेहमी आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे’, म्हणजे ‘श्टेट्स त्सू उन्झेरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट’, ही सर्वोत्तम श्रेणी. मसुदा आधी बघायला मागा. पुढे आउसबिल्डुंग घेणार असाल, तर नव्या परवान्याचा अर्ज जुना संपण्याआधी करा. परत येणार असाल, तर आबमेल्डुंग करून पत्त्याची नोंद काढा, त्याची प्रत रेडिओ शुल्कवाल्यांना पाठवा, मग बँक खातं बंद करा, याच क्रमाने.

आणि जाण्याआधी एक कागद लिहून ठेवा, पुढच्या स्वयंसेवकासाठी. कोणत्या आजींना चहात दोन चमचे साखर लागते आणि त्या मागत नाहीत. कोणते आजोबा डाव्या कानाने ऐकतात. बावीस नंबरच्या खोलीत खिडकी उघडल्याशिवाय जेवण का सुरू होत नाही. हे कोणत्याही नोंदवहीत नसतं, आणि सप्टेंबरला नवा मुलगा येईल तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी लागेल.